अंदमानातील ऋतुसंधी-पर्यटन

अंदमान बेटांवर मार्चअखेरीपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केले जाणारे किनारी पर्यटन. हिवाळ्यातील गर्दी ओसरलेली आणि पावसाळी मंदी अजून लागलेली नाही, अशा या सात-आठ आठवड्यांना मराठीत रूढ नाव नाही. ‘ऋतुसंधी’ हा शब्द येथे वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथातून उचलला आहे. तेथे तो एका ऋतूचा शेवटचा व पुढच्या ऋतूचा पहिला, अशा दोन आठवड्यांपुरताच आहे; अंदमानात हा सांधा पुष्कळ लांबतो, आणि सहलीचे सारे नियोजन त्याच्या शेवटच्या टोकावर अवलंबून असते.

पर्यटक ज्याला अंदमान म्हणतात तो भाग प्रत्यक्षात लहान आहे : दक्षिण अंदमानातील श्रीविजयपुरम (२०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर) आणि त्याच्या ईशान्येकडील स्वराज द्वीप व शहीद द्वीप ही दोन बेटे. या दोहोंची हॅवलॉक व नील ही नावे डिसेंबर २०१८ मध्ये बदलली, तरी बोलण्यात अजून जुनीच नावे येतात. समुद्राच्या सान्निध्यामुळे येथील कमाल तापमान ३५° से.च्या वर क्वचितच जाते. नागपूर-अकोल्याच्या चव्वेचाळीस-पंचेचाळिसाची सवय असलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. पण हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि दुपारी अंगाची काहिली व्हायची ती होतेच.

पावसाचे आगमन : पाऊस नेमका कधी येतो, हा या विषयातील सर्वांत वादाचा मुद्दा आहे. जुन्या संदर्भसाहित्यात दक्षिण अंदमान समुद्रासाठी २० मे ही सर्वसाधारण तारीख दिलेली आढळते. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये १९६१ ते २०१९ या काळातील नोंदींवरून देशभरच्या तारखा नव्याने बसवल्या. त्यांत केरळची १ जून कायम राहिली, दक्षिण अंदमान समुद्राची मात्र २२ मे झाली. दोन दिवसांच्या या फरकाला प्रवाशाने फार महत्त्व देऊ नये, कारण प्रत्यक्षातील चढउतार त्याहून बराच मोठा असतो. २०२४ मध्ये मोसमी वारे या भागात १९ मेला पोचले, तर २०२५ मध्ये १३ मेलाच.

शिवाय ‘अंदमानात मान्सून दाखल’ या वृत्तपत्री मथळ्याचा अर्थ सर्व बेटांवर पाऊस सुरू झाला, असा नसतो. मोसमी वाऱ्यांची सीमारेषा आधी निकोबार व दक्षिण अंदमान समुद्र यांवर येते आणि मग उत्तरेकडे सरकते. केरळातील आगमन जाहीर करण्यासाठी हवामान विभागाचे लेखी निकष आहेत : १० मेनंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिमी. किंवा अधिक पाऊस, जोडीला पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची जाडी व वेग आणि ढगांच्या आवरणाची उपग्रहीय मोजणी. यावरून आगमनाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी स्पष्ट होतात. एक पावसाचे मिलिमीटर मोजते, दुसरी वाऱ्याची दिशा पाहते. किनारी पर्यटनाच्या बाबतीत दुसरी अधिक ग्राह्य वाटते. एप्रिलमध्ये दुपारनंतर ढग दाटून तासभर कोसळणारी सर ही वळवाची असते. ती सहल बिघडवत नाही, उलट हवा धुऊन काढते. पावसाचा थेंबही न पडता वारा नैर्ऋत्येकडून धरून बसला, की पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या पुळणींवर लाटा चढतात आणि पोहणे धोक्याचे होते. स्वराज द्वीपावरील राधानगरची सुप्रसिद्ध पुळण अशीच पश्चिमाभिमुख आहे. मार्च अगदी कोरडा असतो, तर मेमध्ये सरासरी तीनशे मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्यातला बराचसा महिन्याच्या उत्तरार्धातला असल्याने १० मे ही परतीची सुरक्षित मर्यादा मानणे शहाणपणाचे ठरते.

बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे दोन काळ आहेत, पावसाळ्याआधीचा एप्रिल-मे आणि नंतरचा ऑक्टोबर ते डिसेंबर. मे २०२३ मधील ‘मोखा’ वादळाचे मूळ कमी दाबाचे क्षेत्र याच बेटांच्या आसपास तयार झाले होते. वादळ पुढे म्यानमारकडे गेले तरी बोटी बंद पडतात, हे ध्यानात ठेवावे.

वाऱ्याशी या बेटांचे नाते जुने आहे. ‘मोसम’ या शब्दाचे मूळ अरबी ‘मौसिम’, म्हणजे ठरलेली वेळ. पुढे खलाश्यांच्या तोंडी जहाज हाकारण्याचा काळ असा अर्थ त्याला चिकटला. पोर्तुगीज व इतर युरोपीय भाषांमधून तोच शब्द ‘मान्सून’ होऊन परत आला. इ.स. ८५१ च्या सुमाराच्या एका अरबी प्रवासवृत्तांतात अंदमानचा उल्लेख आहे तो नेमका या संदर्भात : प्रतिकूल वाऱ्याने रखडलेल्या जहाजांचे पाणी संपले की ती नाइलाजाने येथे नांगर टाकत आणि काही माणसे गमावून बसत. रहिवाशांच्या नरभक्षकपणाची कथाही त्यातच आहे. पुढील काळातील निरीक्षकांना तिला आधार सापडला नाही, आणि ती आता बहुधा कोणी मानत नाही. नावाच्या व्युत्पत्तीबद्दलही मतभेद आहेत. प्राचीन ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी याच्या ग्रंथातील ‘आगाथू दैमोनोस’ (सुदैवी देवतेचे बेट) हे त्याचे मूळ असावे, असे काही मानतात. मलायी ‘हंडुमान’वरून, म्हणजे हनुमानावरून नाव आले हे मत आपल्याकडे अधिक लोकप्रिय आहे, मात्र त्याचा पुरावा पातळ आहे. मार्को पोलोचे ‘अंगमनैन’ हे रूप अरबी द्विवचनासारखे दिसते. त्यावरून निदान तेराव्या शतकात हे नाव अरबी खलाश्यांकडून फिरत होते, एवढे म्हणता येते.

सूर्य आणि घड्याळ : भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावरची, श्रीविजयपुरम सुमारे ९२° ४५′ वर. म्हणजे येथील सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ४१ मिनिटे पुढे धावतो. मेच्या मध्यास सूर्योदय पाचच्या सुमारास आणि सूर्यास्त साडेपाचच्या जरा पुढे होतो. खरी माध्यान्ह बाराला नसून सव्वाअकराला येते. त्यात हे शहर साधारण ११° ४०′ उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य एप्रिलच्या २०-२१ तारखेस बरोबर डोक्यावर असतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यास पाहिला जाणारा शून्य सावलीचा दिवस येथे एप्रिलातच होऊन जातो (दुसरा ऑगस्टच्या २२ तारखेच्या आसपास). मुंबईहून आलेला प्रवासी आपल्या सवयीने साडेनऊला न्याहारी आटोपून अकराला किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा तो दिवसातील सर्वांत कडक उन्हात उभा असतो. या एका गैरसमजाने जितक्या सहली पोळल्या असतील तितक्या पावसाने भिजवल्या नसतील.

उपाय सोपा आहे. दिवस पाचला सुरू करावा. त्या वेळी राधानगरला गेल्यास किनाऱ्यामागच्या उंच झाडांची सावली थेट पाण्यापर्यंत पोचलेली असते, कारण ऊन मागून, जंगलाकडून येते. वाळू पावलांना गार लागते, ओलसर पट्ट्यावर रात्रभर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी अजून मोडलेली नसते, आणि पाणी इतके निश्चल असते की कमरेएवढ्या खोलीतून स्वतःच्या पायाची नखे दिसतात. साडेआठ-नऊपर्यंत पोहून घ्यावे. दुपार झोपेला द्यावी. साडेतीननंतर पुन्हा बाहेर पडावे. अंधार सहाला पडतो, तेव्हा परतीच्या वाहनाची सोय आधीच करून ठेवलेली बरी. सकाळ-संध्याकाळ वाळूवर उघड्या अंगाने पडून राहिल्यास वाळूमाश्या चावतात. त्यांच्या चाव्याची खाज दोन-तीन दिवस टिकते, म्हणून अंगाखाली जाड पंचा व अंगाला खोबरेल असावे.

भरती-ओहोटी : दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या, आणि उधाणाला सुमारे दोन मीटरचा फरक, असे येथील सर्वसाधारण मान आहे. कोकणातल्या माणसाला यात नवे काही नाही. नवे आहे ते तळाशी असलेले प्रवाळ. स्वराज द्वीपावरील विजयनगर किंवा शहीद द्वीपावरील लक्ष्मणपूरच्या बाजूस ओहोटीला शेकडो पावले समुद्र मागे हटतो, आणि खाली धारदार खडकांचा व मृत प्रवाळांचा पसारा उघडा पडतो. तेथे पोहता येत नाही. पण डबक्या-डबक्यांतून समुद्रकाकडी, तारामासे, लहान मासे पाहण्याची वेळ तीच, आणि लक्ष्मणपूरची खडकाची नैसर्गिक कमानही ओहोटीलाच गाठता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध होतात. बुकिंग करण्यापूर्वी पंचांगातील अमावास्या-पौर्णिमा पाहिली तरी पुष्कळ काम भागते. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते; भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार हटत नाही व प्रवाहही मंद असतात, म्हणून नवशिक्यांच्या स्नॉर्कलिंगला (नळीने श्वास घेत, पाण्यावर तरंगत तळ पाहणे) ते दिवस बरे.

भरतीच्या रेषेबद्दल एक भूशास्त्रीय बाब येथे नोंदवली पाहिजे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात हा द्वीपसमूह तिरपा झाला. उत्तर व पश्चिमेकडील किनारे वर उचलले जाऊन प्रवाळभित्ती कायमच्या उघड्या पडल्या, तर श्रीविजयपुरमच्या बाजूची जमीन सुमारे एक मीटर खचली व खाजणालगतची शेते समुद्राखाली गेली. त्यापूर्वीच्या मार्गदर्शिकांतील किनाऱ्यांची वर्णने यामुळे आज जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

प्रवाळ : मार्च-एप्रिलमध्ये वारा पडलेला असल्याने पाण्याची पारदर्शकता उत्तम असते आणि स्कूबासाठी हा काळ हिवाळ्याच्या तोडीचा मानला जातो. याच निश्चल पाण्याची दुसरी बाजू क्लेशदायक आहे. पाणी ढवळले जात नाही, सूर्य डोक्यावर असतो, पृष्ठभागाचे तापमान ३० अंशांच्या वर चढते. ते नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंशभर अधिक होऊन काही आठवडे टिकले, तर प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. याला विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानात मोठे विरंजन झाले. २०१० चे एप्रिल-मेमधलेच होते. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तापमान उतरल्यास तो सावरू शकतो. म्हणून अशा दिवसांत त्यावर पाय न ठेवणे ही साधी माणुसकी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली २००१ पासून प्रवाळांना सर्वोच्च संरक्षण आहे; किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही सामानात घेता येत नाही.

खाऱ्या पाण्यातील मगरी हा दुर्लक्षिला जाणारा धोका आहे. एप्रिल २०१० मध्ये राधानगरलगत स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाडीची मुखे, खाजणाच्या कडा व सूचनाफलक लावलेल्या जागा कटाक्षाने टाळाव्यात.

दिवसांची मांडणी : श्रीविजयपुरमहून स्वराज द्वीपाला वेगवान खासगी बोट दीड तासाच्या आसपास घेते, सरकारी फेरीबोट अडीच. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर खवळलेल्या पाण्यामुळे फेऱ्या रद्द होण्याचा संभव वाढतो. बोटीत ज्यांना मळमळते त्यांनी पहाटेची फेरी घ्यावी. परतीच्या विमानाच्या आदला पूर्ण दिवस श्रीविजयपुरममध्ये मोकळा ठेवणे हा या नियोजनाचा कणा आहे. प्रस्तुत लेखकाने तो एकदा वाचवला आणि बंद पडलेल्या फेरीमुळे धक्क्यावर बसून विमान गमावले. स्कूबानंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, हा नियमही त्या मोकळ्या दिवसात आपोआप पाळला जातो.

उन्हाळ्यात दक्षिण अंदमानात गोड्या पाण्याचा तुटवडा असतो. वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडणाऱ्या बेटांवर एप्रिलमध्ये नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही विरळ पाणी येते, ही गोष्ट रत्नागिरी-सिंधुदुर्गातील वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. निवासस्थानाची निवड करताना पाण्याची चौकशी आधी करावी, आणि मिळालेले पाणी जपून वापरावे. ते बेटावरच्या कोणाच्या तरी घरचे असते.

ऋतुसंधीत सर्व काही स्वस्त असते, हा समज अर्धाच खरा आहे. निवासाचे दर उतरतात. विमानभाडे महाराष्ट्रातील शाळांच्या सुटीबरोबर चढते. परीक्षा संपण्याआधीचा एप्रिलचा पूर्वार्ध, मुलांच्या शाळेचे बंधन नसलेल्यांसाठी, सर्वांत मोकळा व स्वस्त. मराठी पर्यटकाच्या अंदमानभेटीत सेल्युलर जेल असतेच : वि. दा. सावरकर ४ जुलै १९११ रोजी, ऐन पावसाळ्यात येथे आणले गेले व १९२१ पर्यंत येथे होते. मूळ सात कक्षांपैकी तीन उभे आहेत. कोठड्यांची संख्या ६९३ ते ६९८ अशी वेगवेगळी दिली जाते. सावरकर जयंती (२८ मे) येथे साजरी करण्याची इच्छा असल्यास ती सहल पावसाळी समजूनच आखावी. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर होतो.

मध्य व उत्तर अंदमानकडे या काळात थोडेच जातात. बाराटांगच्या चुनखडी गुहांकडे जाणारा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. वाहने ताफ्याने सोडली जातात, वाटेत थांबणे व छायाचित्रे काढणे गुन्हा आहे. उत्तरेस दिगलीपूरजवळ रॉस व स्मिथ ही दोन बेटे वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत. ओहोटीला एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येते, आणि भरती चढली की मधली वाट बुडते.