एस२०००: परत आणायची, तर आधी ती का बनली ते पाहू

होंडाने २०२५ मध्ये ‘प्रेल्यूड’ हे आपल्या जुन्या गाडीचं नाव बाजारात परत आणलं आणि त्याच्या मागोमाग एक जुना प्रश्नही वर आला: मग एस२००० का नको? २००९ मध्ये बंद झालेल्या या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीचे चाहते इतकी वर्षं तिची वाट पाहत आहेत. ती परत यावी असं मलाही मनापासून वाटतं. मात्र तिचा इतिहास नीट पाहिला, की ‘परत यावी’ म्हणजे नेमकं काय परत यावं, हा विचार आधी करावा लागतो.

नावातला ‘एस’ बराच जुना आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला होंडा ही मोटारसायकलींची कंपनी होती. मोटारी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच असाव्यात, नव्यांना शिरकाव मिळू नये, अशा कायद्याची तयारी जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयात चालली होती. कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा यांना ते मुळीच मान्य नव्हतं. दार लागण्याआधी आत पोचायचं, या जिद्दीने कंपनीने १९६३ मध्ये आधी टी३६० हा छोटा ट्रक आणि लगोलग एस५०० ही उघडी स्पोर्ट्स गाडी आणली. तो कायदा पुढे झालाच नाही, पण गाडी झाली. इंजिन अवघं ५३१ सीसीचं, त्याला चार कार्ब्युरेटर, आणि मागच्या चाकांना गती द्यायला साखळी! मोटारसायकलवाल्यांनी आपल्याला येतं ते सगळं त्या चिमुकल्या गाडीत ओतलं होतं. पाठोपाठ एस६०० आणि एस८०० आल्या. आकडा इंजिनच्या आकारमानावरून पडायचा. १९७० मध्ये एस८०० थांबली आणि ही मालिका जवळजवळ तीस वर्षं खंडित झाली.

मधला काळ उघड्या गाड्यांना वाईट गेला. गाडी उलटली तर प्रवाशांचं काय, याबद्दलचे कडक नियम अमेरिकेत येणार अशी धास्ती होती, आणि १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ (छत उघडणारी गाडी) म्हणून विकली गेली. इंग्लंडमध्ये उघड्या स्पोर्ट्स गाड्या बनवणाऱ्या एमजीचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. मग १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली आणि लोकांना हलकी, साधी, उघडी गाडी अजून हवी आहे हे दाखवून दिलं. १९९५-९६ पर्यंत एमजीएफ, फियाट बार्केटा, बीएमडब्ल्यू झेड३, मर्सिडीझ एसएलके, पोर्श बॉक्स्टर अशी रांगच लागली. होंडाने १९९५ च्या टोकियो मोटर शोमध्ये एसएसएम ही नमुना गाडी मांडली. कंपनीला १९९८ मध्ये ५० वर्षं झाली आणि तो सोहळा डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली एस२००० एप्रिल १९९९ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. प्रमुख अभियंता होते शिगेरू उएहारा, होंडाची एनएसएक्स ही मोठी स्पोर्ट्स गाडी ज्यांच्या हाताखाली घडली तेच.

आता इंजिनाकडे येऊ, कारण या गाडीची सगळी कीर्ती तिथे आहे. १,९९७ सीसी, चार सिलिंडर, टर्बो (जास्तीची हवा आत ढकलणारा पंखा) नाही, आणि जपानी आवृत्तीत २५० पीएस, म्हणजे अश्वशक्ती. म्हणजे लिटरमागे १२५ पीएस. मोठ्या संख्येने बनणाऱ्या, टर्बो नसलेल्या गाड्यांमध्ये हा आकडा बरीच वर्षं अजोड राहिला. ही ताकद आली ती फेऱ्यांमधून. लाल रेषा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांची वरची मर्यादा, होती ९,००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे). ९,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेरे. दट्ट्याची (पिस्टनची) एका बाजूची धाव ८४ मिलिमीटर. एका फेऱ्यात तो ती दोनदा धावतो. हिशेब केला तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर निघतो, आणि तेवढ्याच सेकंदात तो ३०० वेळा पूर्ण थांबून उलटा फिरतो. हे वर्षानुवर्षं, रोजच्या वापरात, न तुटता चालायला हवं होतं. होंडाच्या व्हीटेक यंत्रणेत कॅमशाफ्टवर, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, दोन प्रकारचे उंचवटे असत. सहा हजारांच्या आसपास तेलाच्या दाबाने एक खीळ सरकायची, मोठा उंचवटा कामाला लागायचा, झडपा जास्त उघडायच्या आणि इंजिनचा आवाजच बदलायचा. तिथून पुढचे तीन हजार फेरे, हीच एस२०००.

पण निव्वळ इंजिनावर तिला मोजणं अन्यायाचं होईल. छत काढलं की गाडीची चौकट लुळी पडते. खड्ड्यातून जाताना आरसा थरथरतो, दारं करकरतात. बंद गाडीचं छत कापून केलेल्या कन्व्हर्टिबलमध्ये मग खालून पट्ट्या जोडाव्या लागतात आणि वजन वाढतं. एस२०००ची चौकट पहिल्या रेघेपासून उघड्या गाडीसाठी आखली होती. दोन आसनांमधला बोगदा उंच आणि भक्कम करून तोच कण्यासारखा वापरला, पुढे-मागे इंग्रजी एक्ससारखे फाटे दिले. इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे सरकवून वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं वाटलं. साधारण १,२५० किलो वजन, मागच्या चाकांना गती, सहा गिअर आणि तेही फक्त हातानेच टाकायचे.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या गाडीला २,१५७ सीसीचं इंजिन मिळालं आणि लाल रेषा ८,००० वर उतरली. खालच्या फेऱ्यांत ओढ वाढली, मागचं सस्पेंशन सौम्य झालं. सुरुवातीच्या गाड्या ओल्या रस्त्यावर वळणात अचानक मागून सुटायच्या. हा बदल त्यासाठी गरजेचा होता असंच मी म्हणेन. काही जुने चाहते या बदलावर अजून नाराज आहेत, पण चालकाला सावरायला क्षणभर जास्त मिळाला तर त्यात गाडीचा कमीपणा नाही.

मग २००८ चं आर्थिक संकट आलं. त्या डिसेंबरमध्ये होंडाने फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतलं, एनएसएक्सच्या वारसदाराचं कामही सोडलं. एस२००० पुढच्या वर्षी थांबली; तोवर १,१०,००० हून थोड्या जास्त गाड्या बनल्या होत्या. तिचं इंजिन आणि चौकट होंडाच्या दुसऱ्या कुठल्याच गाडीत नव्हती, त्यामुळे खर्च वाटून घ्यायला कोणी भावंडंही नव्हती. तिच्या मोठेपणाचं कारण तेच, आणि बंद पडण्याचंही.

नाव परत आणण्याचे प्रयोग त्यानंतर झाले. २०१६ ची एनएसएक्स हायब्रिड होती, वेगवान होती, तरी २०२२ पर्यंत ३,००० देखील बनल्या नाहीत. पहिल्या एनएसएक्सचा आकडा १८,००० च्या वर आहे. फियाटने १२४ स्पायडर हे आपलं जुनं नाव माझदाच्या एमएक्स-५ वर चढवलं आणि गाडी हिरोशिमाला बनवून घेतली. काही वर्षांतच ती गेली. उलट एमएक्स-५ कधी बंदच झाली नाही, २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा गाठला. आणि होंडाच्याच घरात २०१५ ते २०२२ एस६६० होती: ६५८ सीसी, ६४ पीएस, मधोमध इंजिन, काढता टप. ताकदीने लहान, पण त्या १९६३ च्या गाडीशी तिचं रक्ताचं नातं मला नव्या एनएसएक्सपेक्षा जास्त जाणवतं.

आज एस२००० बनवायची तर काय हाताशी आहे? सिव्हिक टाइप आरचं दोन लिटरचं टर्बो इंजिन आहे, ३०० पीएसच्या वर देतं. पण ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. त्यासाठी मागच्या चाकांना गती देणारी चौकट नव्याने घडवावी लागेल. टर्बो नसलेलं ९,००० फेऱ्यांचं इंजिन धूर आणि आवाजाच्या आजच्या नियमांत बसवणं फार महाग पडेल. दुसरीकडे होंडाने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की २०४० पर्यंत फक्त बॅटरीवरच्या आणि फ्यूल सेलच्या (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या) गाड्या विकायच्या. बॅटरीवरची उघडी गाडी आज रस्त्यावर आहे, एमजी सायबरस्टर. तिचं वजन १,८०० किलोच्या वर जातं.

म्हणून माझं उत्तर असं: पुनरागमनाचा मान या गाडीला आहे, पण उसन्या चौकटीवर लावलेल्या पाटीला नाही. टर्बो चालेल, थोडी विजेची मदतही चालेल. चौकट मात्र उघड्या गाडीसाठीच आखलेली हवी, वजन १,३०० किलोच्या आत हवं आणि गिअर हाताने टाकता यायला हवा. आणि गाडी पूर्ण विजेवर आली, तर ‘एस’च्या पुढे कुठला आकडा लिहायचा? एस५०० पासून तो आकडा इंजिनचा होता. होंडाने अशी गाडी जरूर बनवावी, जीव ओतून बनवावी, फक्त तिला तिचं स्वतःचं नाव द्यावं.