मोत्सार्टला खाडाखोड करावी लागत नसे?

‘मोत्सार्टच्या डोक्यात अख्खी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) तयार असायची, तो फक्त कागदावर उतरवायचा. याला म्हणतात जीनियस!’ अठराव्या शतकातल्या या ऑस्ट्रियन संगीतकाराची ही गोष्ट दोनशे वर्षं फिरतेय. तिला आधार म्हणून मोत्सार्टच्या नावाचं जे पत्र दाखवतात, ते जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका संगीत-नियतकालिकात छापून आलं १८१५ साली. मोत्सार्ट वारला १७९१ मध्ये! पत्र छापणारे फ्रीडरिश रोखलित्स त्याचे निस्सीम भक्त, आणि अभ्यासकांच्या मते ते पत्र चक्क बनावट आहे.

खरा पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात आहे. ज्येष्ठ संगीतकार हायडनला अर्पण केलेल्या सहा स्ट्रिंग क्वार्टेट्सची (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांची) हस्तलिखितं पाहा: खोडलेल्या ओळी, बदललेले स्वर, सोडून दिलेल्या सुरुवाती. १७८५ च्या अर्पणपत्रिकेत तो स्वतः त्यांना ‘दीर्घ आणि कष्टाच्या मेहनतीचं फळ’ म्हणतो. आणखी काय हवं?

बालपणीच्या चमत्काराचंही तसंच. अकराव्या वर्षीचे त्याचे पहिले चार पियानो कंचेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) म्हणजे इतर संगीतकारांच्या सोनाटांची, म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीच्या रचनांची, रूपांतरं. वडील लिओपोल्ड स्वतः नाणावलेले शिक्षक, मुलाच्या वह्या तेच तपासायचे. असं घर किती पोरांना मिळतं?

म्हणून त्याची स्मरणशक्ती काही थाप ठरत नाही. १७८२ मध्ये त्याने बहिणीला कळवलं होतं, की आधी रचलेला फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या स्वरओळींत एकामागून एक गुंफणारी रचना) कागदावर उतरवत असतानाच त्याने त्या फ्यूगच्या आधी वाजवायचा प्रील्यूड मनात जुळवला. हे अफाटच आहे. पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस क्वार्टेटच्या चार ओळींवर काट मारायला कचरत नसे, आणि मला तरी जास्त दरारा त्या काटेचा वाटतो.