स्क्रीनसेव्हर लावला की वीज वाचते? अजिबात नाही

सायबर कॅफेच्या काळापासून चालत आलेला समज आहे हा, की स्क्रीनसेव्हर, म्हणजे कॉम्प्युटर नुसता पडून असताना स्क्रीनवर येणारं हलतं चित्र, चालू असला की मॉनिटरला आराम मिळतो आणि लाइट बिल कमी येतं. अहो, चित्र हलतंय म्हणजे स्क्रीन चालूच आहे ना! एलसीडीमध्ये मागचा बॅकलाइट जळतच असतो, वर काळं दिसलं तरी. आणि विंडोज ९८, एक्सपीमधला तो थ्रीडी पाइप्स नावाचा, नळ जोडत जाणारा स्क्रीनसेव्हर, तो तर सतत काहीतरी काढत बसायचा म्हणजे प्रोसेसरला उलट जास्तीचं काम.

मग हे आलं कुठून? जुन्या डबा मॉनिटरमध्ये, म्हणजे सीआरटीत, काचेच्या आतून फॉस्फरचा थर असायचा, एकच चित्र खूप वेळ राहिलं की त्याचा कायमचा डाग पडायचा, म्हणून हलतं चित्र. तेव्हा ते बरोबरच होतं. आजच्या ओलेडवरही, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या स्क्रीनवरही, असा डाग पडू शकतो, पण तिथेही स्क्रीन बंद होऊ देणं जास्त बरं.

मजा म्हणून लावायचा तर खुशाल लावा, पाइप्सच्या सेटिंगमध्ये नळांचे जोड ‘मिक्स्ड’ ठेवले की मधूनच एखादी चहाची किटली उगवायची, ते भारीच होतं! आता विंडोजमध्ये बबल्स किंवा रिबन्स हे स्क्रीनसेव्हर निवडून सेटिंग्ज दाबलं तर बदलण्यासारखं काही नाही असंच उत्तर येतं, थ्रीडी टेक्स्टमध्ये मात्र अक्षरं, वेग, फिरणं सगळं बदलता येतं. स्क्रीनसेव्हर निवडायच्या खिडकीत ‘ऑन रिझ्युम’वर टिक करा, म्हणजे परत आल्यावर लॉगिन मागेल, ऑफिसात हा खरा उपयोग. वीज वाचवायचीय तर पॉवर सेटिंगमध्ये जाऊन पाच-दहा मिनिटांनी स्क्रीन बंद होईल असं करा.