प्लग घासून नवा होत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी लावली की कुणीतरी स्पार्क प्लगबद्दल, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणाऱ्या प्लगबद्दल सांगतंच, ‘प्लग काढा, पॉलिश पेपर मारा, झाला नवा!’ काजळी काढण्यापुरतं हे जुन्या निकेलच्या प्लगला चालून जायचं. पण प्लग संपतो तो टोक झिजून. ठिणगी जिथे पडते ती टोकांमधली फट रुंदावते, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि गाडी पन्हाळ्याच्या चढाला अडखळते. घासल्याने झिजलेला धातू परत येतो होय? इरिडियम धातूचं टोक तर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पेपरने तेच जायचं. निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. प्लग ओलसर, तेलकट निघाला तर इंजिनात ऑईल वर चढतंय, तिथे नवाही काळाच होणार. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतोच.