रॉबर्टसन विरुद्ध एनबीए : एका गार्डची कारकीर्द आणि एक खटला

दरवर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं विजेतेपद ठरतं आणि लगेच दुसरा मोसम सुरू होतो, मैदानाबाहेरचा. कोणाचा करार संपला, कोण कुठल्या संघाशी बोलतोय, कोण बाडबिस्तरा गुंडाळतोय. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला तेव्हा चाहत्यांनी त्याच्या जर्सी जाळल्या. २०१६ मध्ये केव्हिन ड्युरंट ओक्लाहोमा सिटीहून गोल्डन स्टेटकडे गेला तेव्हाही शिव्याशाप झाले. पण त्यांना जायचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. एकेकाळी तो हक्क नव्हता. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा राहायचा. हे बदललं त्याच्या मुळाशी १९७० साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दाखल झालेला एक खटला आहे आणि त्यावर नाव आहे ऑस्कर रॉबर्टसनचं.

आजच्या तरुण चाहत्याला हे नाव माहीत असतं ते मात्र एका आकडेवारीमुळे. १९६१-६२ च्या मोसमात सिनसिनाटी रॉयल्सकडून खेळताना त्याची दर सामन्यातली सरासरी होती ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू ताब्यात घेणं) आणि ११.४ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास). तिन्ही रकान्यांत दोन आकडी, म्हणजे आजच्या भाषेत अख्ख्या मोसमाची सरासरीच ‘ट्रिपल-डबल’. त्या काळी असा हिशेब कोणी ठेवतच नव्हतं, त्यामुळे तेव्हा फारसा गाजावाजाही झाला नाही. पुढे ५५ वर्षं कोणाला ते जमलं नाही. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकला जमलं, आणि २०२१ मध्ये त्यानेच रॉबर्टसनचा कारकिर्दीतला १८१ ट्रिपल-डबलचा विक्रमही मागे टाकला. विक्रम मोडले की जुन्या खेळाडूची नव्याने आठवण निघते. रॉबर्टसनच्या बाबतीत मात्र ती आठवण आकड्यांवरच थांबते, आणि ते मला अपुरं वाटतं.

रॉबर्टसनचा जन्म १९३८ चा, टेनेसी राज्यातला. कुटुंब तो लहान असतानाच इंडियानापोलिसला आलं. पैशांची चणचण, घरात चेंडू नाही. मग टेनिसचे चेंडू किंवा रबरबँडने बांधलेले चिंध्यांचे गोळे घराच्या मागे टांगलेल्या फळांच्या टोपलीत टाकत त्याने नेम बसवला. शाळा मिळाली क्रिस्पस अटक्स हायस्कूल. १९२७ साली ही शाळा उघडली तीच मुळी कृष्णवर्णीय मुलांना इतरांपासून वेगळं बसवण्यासाठी. इंडियाना राज्यात शालेय बास्केटबॉलचं वेड इतकं की सामन्याच्या रात्री गावंच्या गावं ओस पडत, पण अटक्ससारख्या शाळांना राज्य स्पर्धेची दारं १९४० च्या दशकापर्यंत बंद होती. स्वतःच्या शाळेत सामने भरवण्याजोगं मोठं मैदानही नव्हतं.

प्रशिक्षक रे क्रो यांच्या हाताखाली या संघाने १९५५ मध्ये राज्याचं विजेतेपद जिंकलं. फक्त कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेने असं खुलं राज्य विजेतेपद मिळवण्याची ही अमेरिकेतली पहिली वेळ. शहराचा रिवाज असा की विजेत्या संघाला अग्निशमन दलाच्या गाडीवर बसवून मध्यवर्ती स्मारक चौकात न्यायचं आणि तिथे जल्लोष करायचा. या मुलांची गाडी चौकाला वळसा घालून सरळ पुढे गेली, आणि त्यांच्याच वस्तीकडच्या एका बागेत त्यांना उतरवण्यात आलं. गर्दीत दंगा होईल अशी अधिकाऱ्यांना भीती होती म्हणे. रॉबर्टसन तेव्हा सोळा वर्षांचा. पुढच्या वर्षी संघाने एकही सामना न गमावता विजेतेपद राखलं. पण ती रात्र तो विसरला नाही, पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

सिनसिनाटी विद्यापीठातली तीन वर्षं निव्वळ आतषबाजीची होती. जानेवारी १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेटन हॉलविरुद्ध त्याने एकट्याने ५६ गुण केले. समोरच्या अख्ख्या संघाचे झाले ५४. तिन्ही वर्षांची मिळून सरासरी ३३.८ गुण. त्याच काळात टेक्सासमधल्या एका दौऱ्यावर हॉटेलने त्याला खोली नाकारली आणि संघाच्या आघाडीच्या खेळाडूला कृष्णवर्णीयांच्या कॉलेजच्या वसतिगृहात झोपावं लागलं. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळालं. जेरी वेस्ट आणि तो, दोघे त्या संघाचे सहकर्णधार होते.

आणि इथून व्यावसायिक कारकीर्द सुरू होते. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: कुठे खेळायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. त्या वेळी एनबीएत ‘प्रादेशिक निवड’ नावाचा प्रकार होता. ‘ड्राफ्ट’मधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली, पहिल्या फेरीची निवड सोडून दिली की संघाला आपल्या परिसरातला कॉलेज खेळाडू थेट उचलता येई. स्थानिक नाव असलं की तिकिटं खपतात, हा सरळ हिशेब. सिनसिनाटी रॉयल्सनी रॉबर्टसनला असाच घेतला.

एकदा घेतल्यावर सुटका नव्हती. प्रत्येक खेळाडूच्या करारात एक कलम छापलेलं असे. मुदत संपल्यावर खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर संघ त्याच अटींवर करार आणखी एक वर्ष वाढवू शकतो. आता वाढवलेल्या करारातही तेच कलम असणार, असं मालक धरून चालत. म्हणजे एका वर्षाचा करार कागदावर, पण साखळी कायमची. दुसरा संघ बोलायलाही पुढे येत नसे, कारण मालकांचं आपसात ठरलेलं. पगार पटला नाही तर खेळाडूपुढे दोनच वाटा: मुकाट्याने सही करा किंवा घरी बसा. १९६७ मध्ये एबीए ही दुसरी लीग निघाली तेव्हा रिक बॅरी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स सोडून तिच्यातल्या ओकलंडच्या संघाकडे गेला. आदल्या मोसमात एनबीएत सर्वाधिक गुणांची सरासरी त्याचीच होती. न्यायालयाने त्याला अख्खा एक मोसम खेळूच दिलं नाही.

रॉबर्टसनचा खेळ कसा होता, याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उंची ६ फूट ५ इंच. त्या काळच्या गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या खेळाडूच्या, मानाने धिप्पाड. उड्या मारून डोळे दिपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बचाव करणाऱ्याकडे पाठ करून तो ड्रिबल करत एकेक पाऊल रेटत आत सरके. पंधरा फुटांवरून शॉट मिळत असेल तर तो बारा फुटांवरचा शोधी, बारावरून मिळाला तर दहाचा. मग डोक्याची एक हुलकावणी, चेंडू एका हाताने डोक्यामागे उंच धरून मागे झुकत फेक. सहकाऱ्यांवर तो वेळप्रसंगी खेकसायचाही. पहिल्या पाच मोसमांची एकत्र सरासरी काढली तरी ती ट्रिपल-डबलच भरते. रॉयल्स मात्र बिल रसेलच्या बोस्टन सेल्टिक्सपुढे अडकत राहिले. १९६३ ला विभागीय अंतिम फेरीत सात सामने झुंजून हरले, १९६४ ला पाचातच.

१९६४ सालच्याच १४ जानेवारीची रात्र या सगळ्या इतिहासात निर्णायक आहे. बोस्टन गार्डनमध्ये ऑल-स्टार सामना, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना, होता आणि पहिल्यांदाच तो संध्याकाळच्या मुख्य वेळेत देशभर टीव्हीवर दिसणार होता. बाहेर हिमवादळ, खेळाडू कसेबसे पोहोचलेले. खेळाडू संघटना १९५४ मध्ये बॉब कुझीने उभी केली होती, पण दहा वर्षं मालक पेन्शनच्या प्रश्नावर टोलवाटोलवी करत होते. दौऱ्यावर प्रत्येक संघासोबत दुखापती बघणारा ट्रेनरही नसे. तेव्हाचा अध्यक्ष टॉमी हाइन्सन आणि इतर खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसले आणि त्यांनी निरोप धाडला की पेन्शनची हमी मिळाल्याशिवाय बाहेर येणार नाही. आत वेस्ट, एल्जिन बेलर, रसेल, विल्ट चेंबरलेन, रॉबर्टसन. बाहेर प्रेक्षक, कॅमेरे आणि घामाघूम झालेले टीव्हीवाले. लेकर्सचे मालक बॉब शॉर्ट यांनी आपल्या दोघांना, म्हणजे बेलर आणि वेस्टला, दारावरच्या माणसाकरवी धमकीवजा निरोप पाठवला. त्याचा परिणाम उलटाच झाला. जे डळमळत होते तेही ठाम झाले. सामन्याची वेळ टळत चालली तेव्हा आयुक्त वॉल्टर केनेडी आत आले आणि त्यांनी शब्द दिला. मग सामना झाला. सामनावीर ठरला रॉबर्टसन. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

पुढच्याच वर्षी तो संघटनेचा अध्यक्ष झाला. अमेरिकेतल्या क्रीडा किंवा मनोरंजन क्षेत्रातल्या राष्ट्रीय कामगार संघटनेचा हा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष. हे पद त्याने १९७४ पर्यंत सांभाळलं आणि त्यातला मोठा काळ तो स्वतः ऐन भरात खेळत होता. संघटनेचे वकील लॅरी फ्लायशर त्याच्या जोडीला होते.

एबीएमुळे खेळाडूंना पहिल्यांदाच कोणीतरी दुसरं गिऱ्हाईक मिळालं. दोन लीगमध्ये चढाओढ लागली, पगार भराभर वर गेले. मालकांना ते परवडेना. १९७० च्या सुमारास त्यांनी दोन्ही लीग एकत्र करायचं ठरवलं. एकत्र झाल्या की चढाओढ संपली, पुन्हा जुनाच कारभार. हे ओळखून एप्रिल १९७० मध्ये संघटनेने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. तेव्हा एनबीएत चौदा संघ होते, वादीही चौदा खेळाडूच. अध्यक्ष म्हणून पहिलं नाव रॉबर्टसनचं.

त्याच महिन्यात रॉयल्सनी त्याला मिलवॉकी बक्सकडे देऊन टाकलं. बदल्यात घेतले फ्लिन रॉबिन्सन आणि चार्ली पॉल्क. आता ही दोन्ही नावं या अदलाबदलीपुरतीच कोणाच्या तोंडी येतात. रॉयल्सचा प्रशिक्षक होता बॉब कुझी. होय, ज्याने खेळाडूंची संघटना काढली तोच. याआधी रॉबर्टसनला बाल्टिमोरला पाठवायचा बेत होता, पण त्याच्या करारात नकाराधिकार होता आणि तो त्याने वापरला. असा अधिकार तेव्हा फार थोड्यांकडे असे. मिलवॉकीला मात्र तो राजी झाला, आणि रॉयल्सनी तो सौदा करून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. मिलवॉकीत सात फुटांपेक्षा उंच, तेवीस वर्षांचा लू अल्सिंडर होता, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. पहिल्याच मोसमात, १९७१ मध्ये, बक्सनी बाल्टिमोरला ४-० ने धुऊन विजेतेपद जिंकलं. रॉयल्सनी पुढच्या वर्षी सिनसिनाटीच सोडलं.

खटल्याकडे वळू. बेसबॉलमध्ये याच काळात कर्ट फ्लडने अशाच कलमाविरुद्ध दाद मागितली होती आणि १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. बेसबॉलला १९२२ पासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट होती. बास्केटबॉलला ती नव्हती, हाच सगळा फरक. न्यायालयाने लीगचं विलीनीकरण रोखून धरलं. मग मालक काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, सूट मागायला गेले. रॉबर्टसनने सिनेटर सॅम अर्व्हिन यांच्या समितीपुढे जाऊन तिथेही विरोधात साक्ष दिली. पुढे खटला आला न्यायाधीश रॉबर्ट कार्टर यांच्यापुढे. शाळांमधला वर्णभेद संपवणाऱ्या १९५४ च्या ऐतिहासिक खटल्यात वकील म्हणून लढलेले हेच कार्टर. १९७५ मध्ये त्यांनी, खटला पुढे चालवू नये ही मालकांची मागणी फेटाळली. वारं कुठे वाहतंय हे मालकांना कळून चुकलं आणि १९७६ च्या सुरुवातीला त्यांनी तडजोड केली.

करार आपोआप वाढवणारं कलम गेलं, खेळाडूला दुसऱ्या संघाशी बोलता येऊ लागलं. अडथळा मोडल्यावर त्याच उन्हाळ्यात विलीनीकरणही झालं. एबीएचे चार संघ आत आले: नेट्स, नगेट्स, पेसर्स आणि स्पर्स. रॉबर्टसनला स्वतःला या मोकळीकीचा काडीचा उपयोग झाला नाही. तो १९७४ मध्येच निवृत्त झाला होता, सातव्या सामन्यात सेल्टिक्सकडून अंतिम फेरी हरल्यावर. नंतर सीबीएस वाहिनीवर त्याने एक मोसम समालोचन केलं, पण ते काम पुढे चाललं नाही. खटल्याची ती किंमत होती, असं त्याचं स्वतःचं म्हणणं आहे.

मोकळीकही एका रात्रीत आली नाही. काही वर्षं नव्या संघाला जुन्या संघाची ‘भरपाई’ करावी लागे, आणि ती आयुक्त ठरवत. १९७९ मध्ये बिल वॉल्टन पोर्टलंडहून सॅन डिएगोला गेला तर सॅन डिएगोला त्यापायी खेळाडू आणि ड्राफ्टची निवड द्यावी लागली. अशी टांगती तलवार असेल तर कोण कशाला बोली लावेल? भरपाई संपल्यावर जुन्या संघाला बरोबरीची रक्कम देऊन खेळाडू राखायचा हक्क राहिला. या कोणत्याही अटीशिवाय संघ बदलणारा पहिला मोठा खेळाडू टॉम चेंबर्स, सिॲटलहून फिनिक्सला, १९८८ साली. रॉबर्टसनने पहिला करार केला त्याला तोवर २८ वर्षं झाली होती.

मालकही स्वस्थ बसले नव्हते. १९८४-८५ पासून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली, सुरुवातीला ३६ लाख डॉलर. १९९९ मध्ये, मालकांनी सहा महिने टाळं ठोकल्यानंतर झालेल्या करारात, एकेका खेळाडूला जास्तीत जास्त किती द्यायचं यावरही लगाम बसला. दोन्ही मर्यादा आजही आहेत आणि लीग आणि संघटना यांच्यातल्या दर नव्या करारात ओढाताण होते ती मुख्यतः त्यांच्यावरच.