ओरेगॉनची वाट बहुतेकांनी पायीच कापली

अमेरिकेतल्या स्थलांतराच्या काळावरच्या किशोर कादंबऱ्यांमुळे एक समज रुजला आहे: एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओरेगॉन प्रदेशाकडे, निघालेली कुटुंबं कापडी छताच्या गाडीत बसून गेली.

प्रत्यक्षात बहुतेक माणसं, मुलांसकट, गाडीशेजारून चालत. गाडीचा सांगाडा जेमतेम दहा फूट लांब, चार फूट रुंद. त्यात पीठ, खारवलेलं मांस, अवजारं, अंथरुणं असा महिन्यांचा शिधा आणि संसार. वर माणसंही बसली तर बैल दमणार, आणि बैल मेला की प्रवासच अडला. शिवाय गाडीला स्प्रिंगा नसत. हिसके इतके, की सकाळी बादलीत टांगलेल्या दुधावर संध्याकाळी लोणी आलेलं असे! आजारी, म्हातारी आणि तान्ही तेवढी आत. मुलं वाटेत बायसनचं (गव्यासारख्या रानटी जनावराचं) वाळलेलं शेण वेचत. झाडं नसलेल्या त्या माळावर तेच सरपण.

पडताळायचं तर हिशेब मांडून पाहा. मिसूरी नदीपासून ओरेगॉनपर्यंत सुमारे ३२०० किलोमीटर, प्रवास साधारण पाच महिन्यांचा. म्हणजे दिवसाला वीसेक किलोमीटर. एवढं अंतर धडधाकट माणूस बैलांच्या बरोबरीने चालू शकतो. १८४० ते १८६० या काळातल्या प्रवाशांच्या अनेक रोजनिश्या छापून उपलब्ध आहेत. कादंबरीसोबत त्यातली एखादी मुलांना जरूर वाचायला द्या.