पिक्चर डिस्क एवढी खरखरते का, आणि तरी लोक ती जपून का ठेवतात

माझ्याकडे एकाच अल्बमच्या दोन तबकड्या आहेत, एक साधी काळी आणि एक पिक्चर डिस्क, म्हणजे जिच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत रंगीत चित्र असतं ती. मागच्या रविवारी दोन्ही पाठोपाठ लावून ऐकल्या. तोच टर्नटेबल, तीच सुई, आवाजाचं बटण हललंसुद्धा नाही. काळीवर सुई टेकवली की एक बारीकसं 'टक' आणि मग जवळजवळ शांतता, त्यातून गाणं वर येतं. पिक्चर डिस्कवर सुई टेकली आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच, बाहेर पाऊस लागावा तसा सततचा सूऽऽऽ आणि त्याच्याखाली एक हलकी घरघर. ढोल, गिटार सगळं जोरात सुरू झालं की ती विसरायला होते, पण दोन गाण्यांच्या मधे परत कानावर येते. तबकडी नवी कोरी होती, पहिल्यांदाच लावलेली, धूळ नाही, चरा नाही. मग हा आवाज येतो कुठून?

बरेच जण पटकन सांगतात की चित्रामुळे, शाईमुळे, किंवा काळा रंग नसल्यामुळे. यातलं एकही कारण खरं नाही. खरं कारण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खाचेकडे बघू. एलपीच्या एका बाजूवर एकच खाच असते, कडेपासून आत गोल गोल जाणारी, आणि वीस मिनिटांच्या बाजूची ती खाच सरळ केली तर साधारण चारशे मीटर भरेल. रुंदीला ती आपल्या केसापेक्षा थोडी कमीच, पन्नास-साठ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आकार इंग्रजी व्ही सारखा, दोन्ही भिंती ४५ अंशांत तिरक्या, एका भिंतीत डावा चॅनल आणि दुसऱ्या भिंतीत उजवा. या भिंतींच्या वळणांवर सुई हलते आणि ती हालचाल म्हणजेच संगीत. आता हे बघा, तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलजवळ फक्त २१ सेंटिमीटर. म्हणजे १०,००० हर्ट्झचा एखादा बारीक झांजेसारखा आवाज बाहेर ५१ मायक्रॉन लांबीच्या नागमोडीत बसतो आणि आत त्यालाच २१ मायक्रॉनमध्ये दाटीवाटीनं बसावं लागतं. ही झाली लांबी. हळू आवाजाची जी वळणं असतात त्यांची उंची तर एका मायक्रॉनच्याही आत जाते. सुईला काय, ती वळणं संगीताची आहेत की प्लॅस्टिकच्या खडबडीतपणाची हे कळत नाही, ती बिचारी दोन्हीवर सारखीच हलते.

म्हणून सगळा प्रश्न असा की खाच ज्यात उठवली ते मटेरियल किती गुळगुळीत आहे.

साधी तबकडी अशी बनते. पीव्हीसी (यालाच व्हिनाइल म्हणतात) आणि त्यात थोडं दुसरं पॉलिमर मिसळलेले दाणे गरम करून त्यांचा एक जाड मऊ गोळा काढतात, कारखान्यातले लोक त्याला बिस्किट म्हणतात. हे बिस्किट दोन निकेलच्या साच्यांमध्ये ठेवून शंभर टनांच्या आसपास दाब देतात, तापमान साधारण १५० डिग्री. गोळा वितळून पसरतो आणि साच्याच्या प्रत्येक कंगोऱ्यात शिरतो, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात थंड पाणी फिरवून तबकडी बाहेर. हे मिश्रण मुळात याच कामासाठी बनवलेलं असतं, नीट वाहावं, साच्याचा ठसा हुबेहूब घ्यावा आणि थंड झाल्यावर सुईखाली शांत राहावं म्हणून.

पिक्चर डिस्क म्हणजे पाच थरांचं सँडविच. मधे व्हिनाइलचा गाभा, त्याच्या वर आणि खाली छापलेला कागद, आणि दोन्ही कागदांवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म. लॅमिनेशन केलेलं ओळखपत्र आठवा, जवळपास तसंच. कागदात खाच उठवता येत नाही, त्यामुळे सगळं संगीत त्या वरच्या फिल्ममध्ये जातं. आणि गोम इथेच आहे, कारण ही फिल्म आधीच लाटून तयार झालेला तक्ता असतो. तिचं पहिलं काम आहे खालचं चित्र स्वच्छ दिसू देणं, खाच धरणं हे नंतरचं. ती बिस्किटासारखी पूर्ण वाहून साच्यात शिरत नाही, दाबाखाली आकार घेते, म्हणून ठसा थोडा ढोबळ उठतो आणि भिंतींवर सूक्ष्म खडबडीतपणा राहतो. तोच तो सूऽऽऽ.

आणि घरघर? ती मला वाटतं बरीचशी खालच्या थरांची देणगी आहे. कागद म्हणजे तंतूंचा गुंता, कुठे जाड कुठे पातळ, त्याच्यावर दाबलेली फिल्मही तेवढीच किंचित वरखाली. असे लांबलांब उंचवटे सुईखालून गेले की खालच्या पट्टीतला गुरगुराट तयार होतो. त्यात आणखी एक भर पडते. रेकॉर्ड कापताना खर्जाचे आवाज मुद्दाम लहान करतात, नाहीतर खाच इतकी वळवळेल की शेजारच्या खाचेत घुसेल, आणि वाजवताना ॲम्प्लिफायर ते परत मोठे करतो. याला आरआयएए कर्व्ह म्हणतात, अमेरिकेत १९५४ मध्ये हे प्रमाण ठरलं. या हिशोबानं २० हर्ट्झच्या आसपासचं काहीही, मधल्या पट्टीच्या तुलनेत वाजवताना जवळजवळ नऊपट मोठं होतं. खर्ज मोठा होतो तसा उंचवट्यांचा गुरगुराटही. बारीक आवाजांच्या बाबतीत उलटं, कापताना मोठे आणि वाजवताना लहान, त्यामुळे सूऽऽऽ थोडा दबतो, पण पूर्ण जात नाही.

कागदाची अजून एक कटकट आहे ओलाव्याची. कागदात हवेतलं पाणी मुरलेलं असतं, आणि १५० डिग्रीच्या प्रेसमध्ये त्याची वाफ झाली की थरांमध्ये फोड येतात. म्हणून छापलेले कागद आधी ओव्हनमध्ये भाजून पार कोरडे करतात (साध्या तबकडीची मधली लेबलंसुद्धा अशीच भाजतात). मग माणसानं हातानं एकेक थर रचायचा, चित्र मध्यावर आहे का बघायचं, मग दाबायचं. सगळं हळू चालतं, खराब मालही जास्त निघतो, म्हणून पिक्चर डिस्क महाग असते आणि सहसा कमीच छापतात. म्हणजे गंमत बघा, ज्या थरांमुळे ती कानाला कमी पडते त्याच थरांमुळे ती दुर्मिळ होते.

चित्राचा दोष नाही असं मी वर म्हटलं त्याला पुरावा आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला सॅव-वे इंडस्ट्रीज नावाच्या कंपनीनं व्होग या नावानं चित्रांच्या तबकड्या काढल्या. मधे ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याच्यावर रंगीत चित्राचा कागद आणि वर पारदर्शक व्हिनाइल. त्या काळात बाकीच्या तबकड्या लाखेच्या असायच्या (ती लाख बऱ्यापैकी आपल्याकडच्या छोटा नागपूरच्या जंगलातून जायची), आणि लाखेत दगडाची पूड मिसळलेली असल्यानं त्या करकरायच्याच. व्होग त्यांच्यापेक्षा शांत वाजायच्या. वर चित्र होतं, खाली कागद होता, पण खाच व्हिनाइलमध्ये होती आणि मधला पत्रा सगळं सपाट धरून ठेवायचा. कंपनी १९४७ मध्येच बुडाली, तबकड्या मात्र आज संग्राहक शोधत फिरतात. तसंच रंगीत किंवा पूर्ण पारदर्शक व्हिनाइलचं, ते चांगल्या कारखान्यातून आलेलं असलं तर काळ्याच्या बरोबरीनं वाजतं, कारण ते बिस्किटच असतं, फक्त रंग वेगळा. रंगीत तबकडी दिसली म्हणून कोणी तोंड वाकडं करू नये असं मला मनापासून वाटतं.

रॉकच्या दुनियेतली सुरुवातीची एक पिक्चर डिस्क आली १९७० मध्ये, कर्व्ह्ड एअर या ब्रिटिश बँडच्या 'एअरकंडिशनिंग' अल्बमची, आणि आवाजाच्या बाबतीत पिक्चर डिस्कचं नाव तेव्हापासूनच खराब झालं. तरी १९७८ च्या सुमारास लाटच आली, बीटल्सचा 'सार्जंट पेपर'सुद्धा त्या वर्षी अमेरिकेत पिक्चर डिस्कवर निघाला. पण किमतीचा हिशोब इथे वेगळा चालतो हे लक्षात घ्या. 'सार्जंट पेपर'ची ती डिस्क भरपूर निघाली, त्यामुळे तुलनेनं सहज मिळते. उलट १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये मॅडोनाच्या 'इरॉटिका'ची बारा इंची पिक्चर डिस्क फोटोवरून कंपनीनं मागे घेतली, मोजक्याच बाहेर राहिल्या, आणि त्यांना हजारो पौंडांचा भाव येतो. त्या डिस्कवरचं गाणं कसं वाजतं हे विकत घेणारा विचारतही नाही, आणि त्यात चूक काही नाही, तो गाणं घेत नाहीये, तो एका घटनेचा तुकडा घेतोय.

याचं सगळ्यात हलवून सोडणारं उदाहरण माझ्यासाठी रशियातलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये बंदी असलेलं संगीत लोक हॉस्पिटलनं टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर कापायचे. कात्रीनं गोल कापलेली कड, मधे सिगारेटनं जाळून पाडलेलं भोक, आणि उजेडाला धरली की कोणाच्या तरी बरगड्या दिसतात. खाच फिल्ममध्ये, ती पण इतकी पातळ, त्यामुळे आवाज अगदी वाईट आणि थोड्याच वेळा वाजवून संपणारा. पण ती तबकडी ऐकण्यासाठी माणसं तुरुंगाची जोखीम घेत होती. आज ती कोणी शंभर टक्के शांत वाजावी म्हणून घेत नाही.

आता जपण्याचं. इथे मला स्वतःला फटका बसला म्हणून कळकळीनं सांगतो. माझी पहिली पिक्चर डिस्क मी हॉलमध्ये खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगली होती, दोन उन्हाळ्यांत गायिकेचा चेहरा निळसर झाला. सलूनच्या बाहेरची जुनी पोस्टरं निळी पडलेली असतात ना, तेच. उन्हातले अतिनील किरण पिवळी आणि गुलाबी शाई आधी मोडतात, निळी जास्त तग धरते. दुसरी डिस्क ज्या मऊ पारदर्शक कव्हरमध्ये आली होती त्यातच मी ती तीन-चार वर्षं ठेवली, आणि काढली तर पृष्ठभागावर दुधाळ डाग, पुसून न जाणारे. नव्या रेनकोटला जो वास येतो तोच त्या कव्हरला होता, म्हणजे तेही मऊ पीव्हीसीचंच, आणि पीव्हीसी मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाचं रसायन घालतात. ते हळूहळू कव्हरमधून बाहेर येतं आणि तबकडीच्या पीव्हीसीत शिरतं, मुंबईच्या दमट उकाड्यात तर अजूनच पटकन. म्हणून डिस्क घरी आली की पहिलं ते कव्हर बाजूला काढा, पॉलिप्रॉपिलीनच्या कव्हरमध्ये घाला, उभी ठेवा. आडवी किंवा गरम जागी ठेवली तर वेगवेगळे थर वेगवेगळे आकसतात आणि ती साध्या तबकडीपेक्षा लवकर वाकते. आणि जुनी विकत घेताना बल्बखाली तिरकी धरून बघा, समोरून चित्राच्या रंगात चरे लपतात. दोन गाण्यांमधली मोकळी पट्टीसुद्धा नीट दिसत नाही, तिसऱ्या गाण्यावर सुई टेकवायची म्हटलं तर अंदाजच लागतो.

मी स्वतः आता ऐकायला काळी आणि बघायला पिक्चर डिस्क असं ठरवून टाकलंय. आणि बघायला म्हणजे नुसती भिंतीवर टांगून नाही, फिरताना बघायला, कारण हल्ली झोएट्रोप पिक्चर डिस्क निघतात, त्यांच्यावर एकाच चित्राचे थोडे थोडे बदललेले तुकडे गोलात छापलेले असतात. कल्पना जुनी आहे, १९५६ मध्ये रेड रेव्हन नावाच्या लहान मुलांच्या तबकड्या आल्या होत्या, लेबलवर १६ चित्रं आणि मधे ठेवायला आरशांचं छोटं चक्र. आता आरशाचं काम फोनचा कॅमेरा करतो. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या तर एका फेरीत बरोबर ४५ फ्रेम बसतात, म्हणून ४५ चित्रं, प्रत्येक ८ अंशांवर. प्रत्येक फ्रेमला डिस्क ८ अंश पुढे जाते, आधीच्या चित्राच्या जागी पुढचं चित्र येऊन बसतं आणि चित्र जागच्या जागी हलू लागतं.

असलीच एक पक्ष्यांची डिस्क मी लावली, माझी लेक तिच्यावर फोन धरून उभी राहिली आणि तिला फक्त मागे मागे सरकणारे पक्षी दिसत होते, कारण फोन ३० फ्रेमवर होता, डिस्क दर फ्रेमला पावणेसात अंशांच्या आसपासच पुढे जात होती आणि चित्रं प्रत्येक वेळी थोडी मागे पडत होती. सेटिंगमध्ये जाऊन २५ केलं, शटर सेकंदाचा हजारावा भाग केला (कडेला सेकंदाला ५१ सेंटिमीटरचा वेग आहे, म्हणजे तेवढ्या वेळात चित्र अर्धा मिलिमीटरच सरकतं, पुसट होत नाही), आणि सगळे पक्षी जागेवर थांबून पंख हलवायला लागले. मागे सूऽऽऽ चालूच होता. ती म्हणाली, "बाबा, परत पहिल्यापासून लाव."